सेकंदाला चार अक्षरं

निवृत्त बॉक्सरांच्या मुलाखतींची एक गंमत असते. कुठलाही पॉडकास्ट लावा, ब्रिटिश असो की अमेरिकन, पहिली वीस मिनिटं साधारण सारखीच जातात. लहानपणीची गरिबी, गल्लीतल्या मारामाऱ्या, कुणीतरी कान धरून जिममध्ये नेणं, पहिला कोच, पहिली लढत. मग ती एक मोठी लढत, जिच्यासाठी त्याला बोलावलेलं असतं. इथपर्यंत गडी खुशीत असतो. तारीख, वजन, कुठल्या राउंडला कुठला ठोसा, सगळं तोंडपाठ. मग मुलाखत घेणारा विचारतो, "बरं, त्यानंतर?" आणि गाडी अडखळते. कुणी हसून विषय बदलतो, कुणी देवाबद्दल बोलायला लागतो, कुणी मॅनेजरने खाल्लेल्या पैशांचा हिशेब मांडतो. आणि एखादा मघाचाच किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो, तो सांगून झालाय हे विसरून.

गेले काही महिने वीकेंडला मी हेच ऐकतोय. मी काही बॉक्सिंगचा मोठा जाणकार नाही, ग्लोव्हज आयुष्यात एकदाच हातात घालून बघितलेत, तेही मॉलमध्ये. पण एक गोष्ट डोक्यात बसली. बॉक्सरची कारकीर्द इंटरनेटवर एका स्वच्छ टेबलात मिळते: लढती इतक्या, विजय इतके, नॉकआउट इतके. डेटाबेसवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला बघून बरं वाटावं असं टेबल. पण त्यातली शेवटची रो ही शेवटच्या लढतीची असते. माणूस त्यानंतर तीस-चाळीस वर्षं जगतो, त्याच्यासाठी कॉलमच नाही. ती वर्षं सापडली तर मुलाखतींमध्येच सापडतात.

आणि मुलाखत हे वाटतं तितकं सरळ साधन नाही. त्याबद्दलच आज लिहायचंय.

(एक खुलासा. इंग्रजीतला पंच म्हणजे ठोसा आणि मराठीतला पंच म्हणजे रेफरी. 'पंचाने पंच बघितला' असली वाक्यं टाळण्यासाठी मी सगळीकडे ठोसाच म्हणणार आहे.)

जॉर्ज फोरमनपासून सुरुवात करू, कारण त्याचं नाव मला बॉक्सिंगमुळे नाही तर ग्रिलमुळे माहीत झालं. ऑनसाइटला असताना आम्हा चौघांच्या अपार्टमेंटमध्ये आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेलं एक फोरमन ग्रिल होतं. त्यावर आम्ही सँडविच, पनीर आणि एकदा चक्क थालीपीठही लावलं. (चिकटलं.) झाकणावर सही करणारा हा टकलू हसरा माणूस कोण, असं बघायला गेलो आणि किन्शासापर्यंत पोहोचलो.

३० ऑक्टोबर १९७४, झैरे देशाची राजधानी किन्शासा, पहाटेचे चार. अमेरिकन टीव्हीच्या सोयीसाठी ही असली वेळ. (आपल्या रात्रीच्या कॉन्फरन्स कॉलची परंपरा जुनी आहे म्हणायची.) फोरमन २५ वर्षांचा, ४० लढती, ४० विजय, त्यात ३७ नॉकआउट. समोर ३२ वर्षांचा महंमद अली. प्रत्येकाला ५० लाख डॉलर, कारण हुकूमशहा मोबुतूला आपल्या देशाचं नाव जगभर करायचं होतं. अली दोरांना रेलून उभा राहिला, सात राउंड फोरमनला हवं तितकं मारू दिलं, आणि आठव्यात दमलेल्या फोरमनला खाली पाडलं. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

मला रस आहे तो नंतर फोरमन ही गोष्ट कशी सांगत गेला त्यात. सुरुवातीची बरीच वर्षं त्याच्याकडे कारणांची यादी होती. दोर सैल केले होते. रेफरीने दहा आकडे भरभर मोजले. लढतीआधी दिलेल्या पाण्याला औषधासारखी चव होती. हा पाण्याचा संशय तर त्याने १९९५ च्या आत्मचरित्रातही मांडलाय. आणि त्याच माणसाच्या उतारवयातल्या मुलाखती ऐका. त्यात तो एकच प्रसंग सांगतो: मी जीव तोडून मारतोय, आणि अली कानाशी येऊन विचारतोय, बस, एवढंच का जॉर्ज? आणि मी मनात म्हटलं, हो बाबा, एवढंच. हे सांगताना तो खदखदून हसतो. ऐकणाराही हसतो.

म्हणजे लढत तीच आणि साक्षीदारही तोच, साक्ष मात्र दोन टोकांची. वकिलाने हा साक्षीदार पहिल्याच मिनिटात उडवून लावला असता. पण मधल्या काळात काय काय झालं ते बघा. मार्च १९७७ मध्ये सान हुआनला जिमी यंगकडून हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये फोरमनला काहीतरी धार्मिक साक्षात्कार झाला, त्याने बॉक्सिंग सोडलं आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं ग्लोव्हजना हात नाही. गरीब मुलांसाठी काढलेलं युवा केंद्र चालवायला पैसे हवेत म्हणून १९८७ मध्ये पोट सुटलेल्या अवस्थेत तो परत आला तेव्हा लोक हसले. ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, किन्शासात घातलेलीच चड्डी घालून त्याने २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडला झोपवलं आणि पुन्हा जगज्जेता झाला. मग ते ग्रिल. १९९९ मध्ये नुसतं नाव वापरण्याचे हक्क कंपनीने त्याच्याकडून १३ कोटी ७५ लाख डॉलरला घेतले. रिंगमध्ये मिळून कमावले नसतील इतके. पाच मुलं, पाचही जणांचं नाव जॉर्ज. मार्च २०२५ मध्ये, ७६ व्या वर्षी तो गेला.

माझं मत असं की १९९४ नंतर फोरमनला किन्शासाची कारणं द्यायची गरजच उरली नाही. हरलेल्या लढतीचं ओझं उतरलं आणि गोष्ट विनोदी झाली. त्यामुळे दोन साक्षींपैकी 'खरी कुठली' हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. प्रत्येक साक्ष कुठल्या सालची आहे ते लिहून ठेवावं म्हणजे झालं. लॉग फाइलमध्ये टाइमस्टँप असतो ना, तसं.

ज्याचं ओझं उतरलंच नाही असा माणूस म्हणजे जो फ्रेझियर.

साउथ कॅरोलिनातल्या शेतमजुरांच्या घरातला मुलगा. फिलाडेल्फियाला येऊन कत्तलखान्यात कामाला लागला, टांगलेल्या मांसावर ठोसे मारत सराव करायचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना सुवर्णपदक. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे अलीचं विजेतेपद आणि परवाना काढून घेतला, तेव्हा अलीला पैसे देणारा आणि त्याचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकणारा हाच फ्रेझियर. ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे समोरासमोर आले, दोघेही तोवर अपराजित. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. तिकिटांची अशी मारामार की फ्रँक सिनात्रा 'लाइफ' मासिकाचा फोटोग्राफर म्हणून रिंगजवळ बसला होता. पंधराव्या राउंडला फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली पाठीवर आडवा झाला. फ्रेझियर जिंकला.

पण लोकांना आठवतं ते अलीचं तोंड. अली त्याला गोऱ्यांचा गुलाम म्हणायचा, अडाणी म्हणायचा, आणि १९७५ च्या मनिला लढतीआधी गोरिला. पत्रकार परिषदेत खिशातून रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारून दाखवले. सगळे हसले. फ्रेझियरची मुलं शाळेत जात होती, त्यांना तिथे हेच ऐकावं लागलं. अलीच्या भक्तांना (मीही त्यातलाच) हा भाग पटकन पुढे ढकलायची सवय असते.

मनिला, १ ऑक्टोबर १९७५. चौदा राउंड. फ्रेझियरचा डावा डोळा मुळातच मोतीबिंदूने अधू, आणि उजवा सुजून मिटलेला. म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता. चौदाव्या राउंडनंतर त्याचा कोच एडी फच याने लढत थांबवली. फ्रेझियर नको नको म्हणत होता. फचने रिंगमध्ये माणसं मरताना बघितली होती, त्याने ऐकलं नाही. तिकडे अलीही आपल्या कोपऱ्यात जवळजवळ कोसळला होता.

यानंतर फ्रेझियर छत्तीस वर्षं जगला. फिलाडेल्फियात नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर त्याची जिम होती, तिथे वस्तीतली पोरं शिकायची आणि उतारवयात तो त्याच जिमच्या वरच्या खोल्यांत राहायचा. त्याच शहरात म्युझियमपाशी रॉकी बाल्बोआचा पुतळा आहे, म्हणजे सिनेमातल्या, कधीच न जन्मलेल्या बॉक्सरचा. मांसावर ठोसे मारायचा सराव रॉकीने उचलला तो फ्रेझियरकडून. खऱ्या फ्रेझियरचा पुतळा शहरात उभा राहिला २०१५ मध्ये, तो गेल्यानंतर चार वर्षांनी. जिम २००८ मध्ये बंद पडली, तिथे फर्निचरचं दुकान आलं.

२००८ च्या एका ब्रिटिश माहितीपटात फ्रेझियरच्या मोबाइलवरचा रेकॉर्डेड संदेश ऐकू येतो. आपण फोन केला आणि त्याने उचलला नाही तर जो लागतो तो. त्यात तो अलीच्या फुलपाखरू आणि मधमाशीच्या प्रसिद्ध ओळीचं विडंबन करतो, आणि सांगतो की त्या माणसाचं काम मीच केलंय, बघा त्याच्याकडे. तेव्हा अलीला नीट बोलता येत नव्हतं, हात थरथरत होते. फ्रेझियरच्या लेखी मनिलाचा निकाल तो होता. मी हा भाग दोनदा ऐकला, दोन्ही वेळा काटा आला. आणि तरीही मला त्याचा राग येऊ शकला नाही. तीस वर्षं जो माणूस 'गोरिला' हा शब्द घेऊन जगला त्याला मोठ्या मनाने वागायला सांगणारे आपण कोण?

२००१ मध्ये अलीने न्यू यॉर्क टाइम्समधून माफी मागितली: रागाच्या भरात बोललो, लढत गाजवायला बोललो, चुकलं. फ्रेझियरचं त्यावर नंतरचं म्हणणं असं की माफी वर्तमानपत्राची मागितली, माझी कुठे मागितली? नोव्हेंबर २०११ मध्ये फ्रेझियर यकृताच्या कर्करोगाने गेला. अंत्यसंस्काराला अली आला होता. टाळ्या वाजवायला सांगितलं तेव्हा तो इतरांसोबत उठून उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. बोलणं त्याला तेव्हा शक्यच नव्हतं.

आता त्या आवाजाकडेच येऊ. शीर्षकातली अक्षरं इथली आहेत.

अलीला पार्किन्सनचं निदान झालं १९८४ मध्ये, शेवटच्या लढतीनंतर तीन वर्षांनी. पण ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या व्हिसार बेरिशा आणि ज्युली लिस या संशोधकांनी, अलीचा चरित्रकार जोनाथन आइग याच्यासोबत, २०१७ मध्ये एक साधं पण भन्नाट काम केलं. अलीच्या जुन्या टीव्ही मुलाखती घेतल्या, वर्षवार लावल्या, आणि तो एका सेकंदात किती सिलॅबल बोलतो ते मोजलं. सिलॅबल म्हणजे आपल्या वृत्तांमधलं अक्षर, शाळेत 'यमाताराजभानसलगम्' म्हणत बोटांवर मोजायचो ते. विशीच्या उत्तरार्धातला अली सेकंदाला जेमतेम चारच्या वर अक्षरं बोलायचा, निरोगी माणसासारखाच. १९६८ ते १९८१, म्हणजे वय २६ ते ३९, या काळात हा वेग २६ टक्क्यांनी घसरला. या वयात निरोगी माणसाचा वेग फारसा बदलत नाही. अजून एक आकडा: सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सने त्याला पंधरा राउंड बडवलं. त्या लढतीच्या आधीच्या आणि नंतरच्या बोलण्याची तुलना केली तर वेग १६ टक्के कमी. एका लढतीत!

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणजे या सगळ्या मुलाखतींमध्ये दोन साक्षी एकाच वेळी चालू होत्या. एक तो काय बोलत होता ती: मी सर्वश्रेष्ठ, मी देखणा, मला कुणी हात लावू शकत नाही. आणि दुसरी तो कसा बोलत होता ती. पहिलीवर जग टाळ्या वाजवत होतं. दुसरीत निदान होतं, डॉक्टरांच्या कितीतरी वर्षं आधी, प्राइम टाइमला, सगळ्यांसमोर. फोरमनसारखी ही साक्ष बदलता येत नाही. माणूस किस्सा बदलेल, जिभेचा वेग कसा बदलेल?

बरं, तेव्हा कुणाला कळलंच नाही असंही नाही. फर्डी पाचेको हा अलीचा डॉक्टर. शेव्हर्सच्या लढतीनंतर अलीची मूत्रपिंडं बिघडत चालल्याचा अहवाल त्याने अलीला, त्याच्या बायकोला, मॅनेजरला पाठवला. कुणाचंच उत्तर आलं नाही. पाचेको सोडून गेला. १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढायच्या आधी मेयो क्लिनिकने अलीला तपासलं. बोट नाकाला लावताना तो किंचित चुकत होता, एका पायावर उड्या मारणं नीट जमत नव्हतं. तरी नेवाडा राज्याने परवाना दिला. ऑक्टोबर १९८० मध्ये होम्सने त्याला दहा राउंड मारलं, आणि होम्स स्वतःच नंतर रडला, कारण उमेदीच्या काळात तो अलीचाच सराव-साथीदार होता. डिसेंबर १९८१ मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकशी शेवटची लढत. तिथे राउंडसाठी धड घंटासुद्धा नव्हती, गाईच्या गळ्यातली घंटा आणून वाजवली.

तुम्हाला स्वतः ऐकून बघायचं असेल तर बीबीसीवर मायकल पार्किन्सनने घेतलेल्या अलीच्या मुलाखती लावा. १९७१ ची आणि १९८१ ची, लागोपाठ. मुलाखत घेणारा तोच, आणि त्याचं आडनाव पार्किन्सन हा क्रूर योगायोग. १९८१ ची निदानाच्या तीन वर्षं आधीची आहे. पाच-पाच मिनिटं पुरे.

पॉडकास्टच्या आधीही या लोकांना कुणी विचारत होतं का? होतं, पण ते डॉक्टर होते. न्यू जर्सीच्या हॅरिसन मार्टलँडने १९२८ मध्ये बॉक्सरांच्या अडखळत्या चालीवर आणि बोलण्यावर पहिला वैद्यकीय लेख लिहिला. जिमच्या आसपासच्या लोकांना हे आधीपासून माहीत होतं, त्यासाठी त्यांच्याकडे 'पंच-ड्रंक' हा शब्दही तयार होता (इथे पंच शब्द टाळता येत नाही, माफ करा). मार्टलँडने तोच शब्द शीर्षकात घेतला. मग ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्सने १९६९ मध्ये नीट सॅम्पलिंग केलं: १९२९ ते १९५५ मध्ये नोंदणी असलेल्या व्यावसायिक बॉक्सरांतून २५० जण यादृच्छिक पद्धतीने निवडले, २२४ जणांना तपासलं, ३७ जणांच्या मज्जासंस्थेला इजा झालेली सापडली. म्हणजे साधारण सहात एक. १९७३ मध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा मृत बॉक्सरांचे मेंदू तपासले आणि सोबत त्यांच्या नातेवाइकांना गाठून ती माणसं निवृत्तीनंतर कशी जगली ते विचारून घेतलं. रागीट झाला होता का, विसरायचा का, प्यायचा का. म्हणजे मुलाखतच, फक्त बॉक्सर गेल्यानंतरची.

एमिल ग्रिफिथची गोष्ट मला या सगळ्यात अवघड जाते. व्हर्जिन आयलंड्समधून न्यू यॉर्कला आलेला, बायकांच्या हॅट बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा देखणा पोरगा. मालकाने शरीरयष्टी बघून त्याला जिममध्ये नेलं. २४ मार्च १९६२ ला बेनी पॅरेटशी तिसरी लढत. वजनाच्या वेळी पॅरेटने त्याला समलिंगी म्हणून शिवी दिली होती. १९६२ साल, अमेरिकेत अशा माणसाला कायद्याचीच भीती. बाराव्या राउंडला ग्रिफिथने कोपऱ्यात अडकलेल्या पॅरेटवर ठोशांचा वर्षाव केला, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. दहा दिवसांनी पॅरेट वारला.

ग्रिफिथ १९७७ पर्यंत खेळत राहिला, पण आपण नंतर कधी पूर्ण ताकदीने मारलं नाही असं तो म्हणायचा. निवृत्तीनंतर बालसुधारगृहात नोकरी केली. १९९२ मध्ये न्यू यॉर्कमधल्या एका गे बारबाहेर टोळक्याने त्याला मरणाचं मारलं. २००५ मध्ये त्याच्यावर 'रिंग ऑफ फायर' नावाचा माहितीपट आला, तोवर त्याची स्मृती विरत चालली होती. माहितीपटाच्या शेवटाकडे तो पॅरेटच्या मुलाला भेटतो. मुलगा त्याला मिठी मारतो, तुझ्याबद्दल मनात राग नाही म्हणतो. ग्रिफिथ २०१३ मध्ये डिमेन्शियाने गेला. कोचची नावं, पट्टे, तारखा सगळं पुसट होत जाताना ती एक रात्र त्याला सोडत नव्हती.

अशा माणसांनी नियम बदलले, स्वतः न बदलू इच्छिता. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या राउंडला कोरियाचा डुक कू किम कोसळला आणि मेला, त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधराच्या बारा राउंडवर आल्या. सप्टेंबर १९९१ मध्ये लंडनला मायकल वॉटसन ख्रिस युबँकविरुद्ध कोसळला. रिंगजवळ मेंदूच्या इजेसाठी लागणारी मदत नव्हती, आधी नेलं त्या हॉस्पिटलात मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. चाळीस दिवस कोमा, सहा शस्त्रक्रिया. वॉटसनने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला आणि जिंकला, आणि रिंगजवळची वैद्यकीय व्यवस्था ही कुणाची तरी कायदेशीर जबाबदारी ठरली. २००३ मध्ये त्याने लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालत पूर्ण केली. शेवटच्या टप्प्यात शेजारी युबँक चालत होता.

आपल्याकडचं काय? अलीच्या ढासळत्या काळातली एक प्रदर्शनीय लढत दिल्लीत झाली होती, जानेवारी १९८० मध्ये, म्हणजे मेयो क्लिनिकच्या तपासणीच्या काही महिने आधी. समोर होते पंजाबचे, सैन्यातले कौर सिंग. त्याच वर्षी मुंबईत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कौर सिंगना सुवर्ण मिळालं, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पुन्हा सुवर्ण, मग पद्मश्री. नंतर ते गावी परतले आणि शेती केली. २०१७ मध्ये बातमी आली ती ही की हृदयाच्या उपचारांसाठी त्यांना कर्ज काढावं लागलंय. एप्रिल २०२३ मध्ये ते वारले.

आणि मराठीत शोधायला गेलो तर समोर येतात मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. सैन्यात ते मुळात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मग पोहायला लागले, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला ३७.३३ सेकंदांत सुवर्ण. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री २०१८ मध्ये, 'चंदू चॅम्पियन' सिनेमा २०२४ मध्ये, जीवनगौरव अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी. म्हणजे 'त्यानंतर?' या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्या भागापेक्षा मोठं आहे. पण मला त्या पहिल्या भागाबद्दलही ऐकायचंय. पेठच्या पोराला ग्लोव्हज कुणी चढवले, पहिला ठोसा कुणाचा खाल्ला, आणि पाण्यात असताना बॉक्सिंगचे खांदे उपयोगी पडले का. पदकाच्या गोष्टीत हे दोन वाक्यांत उरकलं जातं. कुणी तासभर निवांत बसून विचारलं तर मी तो एपिसोड पहिल्या दिवशी ऐकेन.

लॅरी होम्सवर आज धावतं लिहिलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पुढच्या शनिवारी रिलीज आडवं आलं नाही तर.